तळाचा आकडा

१९६० च्या आसपासची गोष्ट. अमेरिकेत एमआयटीमध्ये जॉन मॅकार्थी त्यांच्या लिस्प या नव्या भाषेचं प्रात्यक्षिक दाखवत होते. उद्योगक्षेत्रातले पाहुणे एकीकडे बसलेले, आयबीएम ७०४ हे यंत्र दुसरीकडे आणि मध्ये क्लोज्ड सर्किट टीव्ही. दिलेलं डिफरन्शियल समीकरण एक्झॅक्ट आहे की नाही, हे यंत्र सांगणार होतं. सावकाश का होईना, सगळं ठीक चाललं होतं. तेवढ्यात यंत्राला जोडलेला फ्लेक्सोरायटर सेकंदाला दहा अक्षरं या गतीने टाइप करू लागला. गार्बेज कलेक्टरला बोलावण्यात आलं आहे, अशी आधी वर्दी. मग काही रंजक आकडेवारी सादर करतो, अशी प्रस्तावना. आणि त्यानंतर आकडेच आकडे. मेमरीतल्या किती शब्दांवर खूण केली, किती परत मिळाले, यादीसाठी एकूण जागा किती.

एरवी हा मजकूर लाइन प्रिंटरवर झरझर उमटायचा, त्यामुळे त्याच्या लांबीचं कोणाला काही वाटत नसे. रंगीत तालमीत कलेक्टर चाललाच नव्हता. पण तालमीनंतर मेमरी नव्याने भरून घ्यायची राहिली आणि ऐन प्रयोगात मोकळी जागा संपली. कलेक्टर नावाचं काही असतं हे पाहुण्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. प्रयोगाचा उरलेला वेळ त्या टंकलेखनात जाणार हे दिसत होतं, आणि मॅकार्थी व व्याख्याते दोघेही हसून हसून हतबल झाले होते. हे सगळं मॅकार्थींनीच पुढे लिस्पच्या इतिहासात लिहून ठेवलं आहे.

जावाच्या मेमरीवर नजर ठेवणाऱ्या आजच्या साऱ्या साधनांचा मूळपुरुष या कागदावर सापडतो. जिवंत किती, सुटलं किती, एकूण किती: जावाच्या जीसी (गार्बेज कलेक्शन) लॉगमधूनही आज हेच तीन आकडे मिळतात.

मॅकार्थींचा लिस्पवरचा प्रसिद्ध लेख एप्रिल १९६० चा. त्यांच्या यंत्रात सुरुवातीला सुमारे १५,००० रजिस्टरं मोकळ्या यादीत असत. ती संपली की प्रोग्राम थांबवायचा, जिथपर्यंत पोचता येतं त्या सगळ्यावर खूण करायची आणि खूण नसलेलं पुन्हा मोकळ्या यादीत घालायचं. या कामाला काही सेकंद लागत. म्हणून लेखात एक व्यवहारी अटही आहे: प्रत्येक खेपेला निदान काही हजार रजिस्टरं सुटली पाहिजेत, नाहीतर प्रोग्रामचा बहुतेक वेळ झाडलोटीतच जाईल. जावाच्या पॅरलल कलेक्टरमध्ये हीच अट पुढे आकड्यांत बसवली गेली. ९८ टक्क्यांहून जास्त वेळ जीसीत जात असेल आणि २ टक्क्यांहून कमी हीप (ऑब्जेक्ट ठेवायची मेमरी) सुटत असेल, तर जावा 'जीसी ओव्हरहेड लिमिट एक्सीडेड' म्हणून आउट ऑफ मेमरी एरर फेकते. रात्रपाळीत हा मजकूर पाहिलेल्या फार थोड्यांना त्याचं वय ठाऊक असेल.

मधल्या पिढ्या भराभर उरकतो. त्याच १९६० साली जॉर्ज कॉलिन्स यांनी प्रत्येक वस्तूकडे किती जण बोट दाखवतात ते मोजत राहण्याची दुसरी पद्धत मांडली. एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या दोन मेलेल्या वस्तू तिला कधीच दिसत नाहीत. १९८४ मध्ये डेव्हिड उंगर यांनी स्मॉलटॉकवर काम करताना बहुतेक ऑब्जेक्ट लहानपणीच मरतात याचा फायदा घेऊन नव्या ऑब्जेक्टची जागा वेगळी काढली. जावाची यंग आणि ओल्ड जनरेशन तिथूनच आली. आणि १९९३ मध्ये यॉर्क विद्यापीठातल्या कॉलिन रन्सिमन आणि डेव्हिड वेकलिंग यांनी हीपमध्ये कुठल्या जातीचे ऑब्जेक्ट किती आहेत याचा काळानुसार बदलणारा आलेख काढून दाखवला. तो फंक्शनल भाषांसाठी होता, पण हीप प्रोफायलरचं चित्र म्हणून आज आपण जे ओळखतो ते तिथून आलं.

जावा आली १९९५ मध्ये आणि पहिलं जेडीके जानेवारी १९९६ मध्ये. तेव्हा तिचं घर ब्राउझर होतं. ॲपलेट यायचं, चार चित्रं हलवायचं आणि पान बंद केलं की संपायचं. हीपची कमाल मर्यादा न सांगता १६ एमबी होती. अशा प्रोग्रामच्या मेमरीवर नजर ठेवायची कोणाला गरज? तरी रनटाइम या क्लासमध्ये दोन मेथड पहिल्या दिवसापासून होत्या: टोटल मेमरी आणि फ्री मेमरी. एकातून दुसरी वजा केली की 'वापरलेली' मेमरी मिळते, असा समज तेव्हाच रुजला. कमाल किती मिळू शकेल हे सांगणारी मॅक्स मेमरी ही मेथड १.४ या आवृत्तीत आली, म्हणजे मधली काही वर्षं प्रोग्रामला स्वतःचीच हद्द विचारता येत नव्हती.

ही वजाबाकी चुकीची नाही, फक्त तिचं उत्तर आपल्याला हवं त्या प्रश्नाचं नसतं. त्यात जिवंत ऑब्जेक्टही येतात आणि मरून पडलेले पण अजून उचलले न गेलेलेही. कलेक्टर कामाला लागला की आकडा खाली कोसळतो, मग पुन्हा चढतो. आलेख काढला तर करवतीच्या दातांसारखा. दातांच्या टोकांना अर्थ नाही. अर्थ आहे तो दातांच्या बुडाला. माझं या विषयातलं सगळं म्हणणं एवढंच आहे आणि पुढचा इतिहास मी त्याच चष्म्यातून पाहतो.

१९९७ मध्ये सर्व्हलेट आले आणि जावा सर्व्हरवर गेली. आता प्रोग्राम महिनोन्‌महिने चालणार होता. आणि गोष्ट अशी की 'जावात मेमरी लीक होत नाही' हे तोवर पाठ्यपुस्तकांइतकं घट्ट झालं होतं. सी भाषेतली गळती म्हणजे मोकळी करायची विसरलेली मेमरी. जावातली गळती म्हणजे सोडायचा विसरलेला धागा: स्टॅटिक हॅशमॅपमध्ये टाकलेली आणि कधी न काढलेली नोंद, नोंदवलेला पण न वगळलेला लिसनर, थ्रेड पूलमधल्या थ्रेडला चिकटून राहिलेलं थ्रेडलोकल. कलेक्टरच्या हिशेबी हे सगळं जिवंतच. कोणीतरी धरून ठेवलंय म्हटल्यावर तो हात लावणार नाही.

त्या काळात हाताशी होतं ते व्हर्बोज जीसी. कमांड लाइनवर एक शब्द वाढवायचा आणि प्रत्येक खेपेला एक ओळ मिळायची. जावा बनवणाऱ्या सन कंपनीच्या ट्यूनिंग मार्गदर्शिकेतल्या तीन ओळी नमुन्यादाखल पाहू. सेकंदांचे आकडे तेवढे दोन दशांशांवर आणले आहेत:

जीसी ३२५४०७के → ८३०००के (७७६७६८के), ०.२३ सेकंद
जीसी ३२५८१६के → ८३३७२के (७७६७६८के), ०.२५ सेकंद
फुल जीसी २६७६२८के → ८३७६९के (७७६७६८के), १.८५ सेकंद

बाणाच्या डावीकडे झाडण्याआधीची मेमरी, उजवीकडे नंतरची, कंसात हीपची त्या वेळची एकूण जागा. नवशिका डावा आकडा वाचतो. जाणकाराची नजर उजवीकडे जाते: ८३,०००, मग ८३,३७२, मग ८३,७६९. दर खेपेला चारएकशे केबी वर. तीन ओळींवरून निदान करायचं नसतं, आणि पहिल्या दोन ओळी यंग जनरेशनच्या झाडलोटीच्या असल्याने ओल्डमधला मेलेला ऐवज त्यांच्या उजव्या आकड्यात धरलेला असतो. खरा तळ फुल जीसीचा. पण समजा फुल जीसीचे तळही असेच चढत राहिले, तर उरलेली सुमारे ६,९३,००० केबी जागा चारशेच्या चढीने सतराशे-साडेसतराशे खेपांत भरते. मिनिटाला एक खेप धरा, जेमतेम एकोणतीस तास. सोमवारी सकाळी चढवलेला सर्व्हर मंगळवारी दुपारी पडतो, आणि चहाला गेलेल्या डेव्हलपरला वाटतं, आत्ताच तर काही नव्हतं!

यावरचा लोकमान्य इलाज म्हणजे रोज पहाटे सर्व्हर रिस्टार्ट करणारा क्रॉन जॉब. हसू नका. गळती संथ असेल आणि पहाटे गिऱ्हाईक नसेल तर हा इलाज चालतो, आणि पुण्या-मुंबईच्या कितीतरी सपोर्ट टीमनी अशा जॉबच्या जिवावर झोपा काढल्या आहेत. त्याचा तोटा एकच: गळती कुठे आहे ते कधीच कळत नाही.

'किती' हे लॉग सांगतो. 'कोणी धरून ठेवलंय' हे तो सांगू शकत नाही, आणि वंशावळीची दुसरी शाखा इथून फुटते. १९९८ च्या १.२ आवृत्तीत एचप्रॉफ नावाचा एजंट आला. तो हीपमधल्या सगळ्या ऑब्जेक्टची नोंद फाइलमध्ये उतरवू शकत असे. २००४ च्या ५.० मध्ये जेमॅप आलं. जेमॅपचा हिस्टोग्राम, म्हणजे कुठल्या जातीचे ऑब्जेक्ट किती याची यादी, कोणीही काढून पाहावा, पहिल्या दोन-तीन ओळी जवळपास ठरलेल्या असतात: बाइटचे ॲरे (जुन्या आवृत्त्यांत अक्षरांचे ॲरेही), स्ट्रिंग. यातून कळतं काय, तर प्रोग्राम मजकूर हाताळतो! (त्यात 'लाइव्ह' हा पर्याय लावला तर आधी फुल जीसी होते आणि तेवढा वेळ सर्व्हर गप्प. गर्दीच्या वेळी ही कमांड देणाऱ्याला शेजारचे लोक लगेच शोधून काढतात.)

ही कोंडी फोडली ती एका जुन्या ग्राफ-सिद्धांताने. एखाद्या ऑब्जेक्टपर्यंत जाणाऱ्या प्रत्येक वाटेवर दुसरा एक ऑब्जेक्ट उभा असेल तर तो पहिल्याचा डॉमिनेटर. डॉमिनेटर गेला की त्याच्या मागचं सगळं सुटतं. कंपायलरवाले ही कल्पना फार आधीपासून वापरत होते; लेंगाउअर आणि टार्जन यांचा त्यासाठीचा जलद अल्गोरिदम १९७९ चा आहे. सॅप या जर्मन कंपनीतल्या अभियंत्यांनी तो हीप डंपला लावला आणि ते साधन २००८ मध्ये एक्लिप्सला देऊन टाकलं. तेच आजचं मेमरी ॲनालायझर, बोलीत 'मॅट'. लाखो स्ट्रिंगांच्या ढिगाऐवजी आता एक ओळ दिसू लागली: या एका कॅशने हीपचा अर्ध्याहून जास्त भाग अडवून ठेवला आहे. माझ्या मते जावाच्या मेमरी-तपासातली ही सगळ्यात मोठी उडी. बाकीच्या साधनांनी आकडे चकचकीत केले, हिने आरोपीचं नाव सांगितलं.

मॅटमधून उघडी पडणारी एक गळती खुद्द जावाची होती. सबस्ट्रिंग मेथड नवी अक्षरं कॉपी न करता मूळ स्ट्रिंगचाच ॲरे वापरत असे. एखाद्या लांबलचक मजकुरातून दहा अक्षरांचा क्रमांक काढून जपून ठेवला, की मागे अख्खा मजकूर जपला जाई. २०१२ मध्ये ७ अपडेट ६ पासून ही पद्धत बदलली.

इथे मुंबईचा उल्लेख करायला हवा. कलेक्टरचा निकष 'तिथवर पोचता येतं का' हा आहे. आपल्याला हवा असतो तो 'पुढे कधी वापरणार का' हा. या दोहोंमधल्या अंतरावर पवईच्या आयआयटीत उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि अमेय करकरे यांनी काम केलं. त्यांचा शोधनिबंध २००७ मध्ये एसीएमच्या प्रोग्रामिंग भाषांवरच्या नियतकालिकात आला. प्रोग्राम चालवण्याआधीच त्याचं विश्लेषण करायचं, कुठला दुवा यापुढे वापरला जाणार नाही ते ठरवायचं आणि नेमक्या जागी त्याला नल करून टाकायचं, म्हणजे कलेक्टर त्यामागचा ऐवज वेळेत उचलू शकेल, अशी त्यामागची कल्पना. रोजच्या कारखान्यात ही पद्धत रुळलेली दिसत नाही. पण गळतीचं मूळ कुठे आहे, हे इतकं नेमकं सांगणारं लेखन थोडं आहे.

आता 'किती' सांगणाऱ्या पहिल्या शाखेकडे परत. २००४ ची ५.० ही नजर ठेवण्याच्या बाबतीत जावाची सगळ्यात श्रीमंत आवृत्ती. जेस्टॅट, जेकन्सोल आणि मेमरीचे आकडे रीतसर देणारं मॅनेजमेंट पॅकेज एकाच वेळी आलं. आता चालू प्रोग्रामला बाहेरून विचारता येऊ लागलं. जेकन्सोल उघडून रिकाम्या बसलेल्या प्रोग्रामला जोडा; तरीही आलेख चढताना दिसेल. अनेकांनी त्यालाच गळती समजून रात्री घालवल्या आहेत. आकडे विचारायला येणाऱ्याला उत्तर देण्यासाठीही ऑब्जेक्ट बनवावे लागतात, त्यांचाच तो चढ.

बघणाऱ्यामुळे बघितली जाणारी वस्तू बिघडते याचं याहून भारी उदाहरण २०१५ मध्ये समोर आलं. जेस्टॅटला आकडे मिळावेत म्हणून जावा ते टेम्प फोल्डरमधल्या एका मेमरी-मॅप्ड फाइलमध्ये लिहीत असते. लिहिणं मेमरीतच, त्यामुळे फुकट, असं सगळे धरून चालले होते. पण डिस्कवर ताण असेल तर लिनक्स त्या साध्या लिहिण्यालाही थांबवून ठेवू शकतो, आणि ते लिहिणं चालू असतं नेमकं जीसीच्या वेळी, सगळे थ्रेड उभे असताना. परिणामी जीसीचे थांबे विनाकारण लांबत. एका अभियंत्याने चिकाटीने माग काढून हे दाखवून दिलं.

कमी खर्चात जास्त पाहण्याची परंपरा स्वीडनमधून आली. स्टॉकहोमच्या अपील या छोट्या कंपनीने जेरॉकिट हे जावाचं आभासी यंत्र बनवलं. २००२ मध्ये ती बीईए या कंपनीने घेतली, २००८ मध्ये बीईए ओरॅकलने घेतली आणि २०१० मध्ये सनही ओरॅकलकडे गेली. दोन प्रतिस्पर्धी यंत्रं एका घरात आली, त्याचे दोन परिणाम रोजच्या कामात जाणवले. जेरॉकिटमध्ये पर्मजेन नावाचा कप्पा नव्हता. २०१४ च्या जावा ८ मध्ये तो सनच्या हॉटस्पॉट या यंत्रातूनही गेला. ॲप्लिकेशन पाच-सहा वेळा रीडिप्लॉय केलं की 'पर्मजेन स्पेस' म्हणत कोसळणारा टॉमकॅट ज्यांनी सांभाळलाय, त्यांनी त्या दिवशी पेढे वाटायला हरकत नव्हती. दुसरा परिणाम म्हणजे फ्लाइट रेकॉर्डर. तो २०१३ मध्ये हॉटस्पॉटमध्ये आला, पण प्रॉडक्शनमध्ये वापरायचा तर परवान्याचे पैसे. २०१८ च्या जावा ११ मध्ये तो खुला झाला. एका टक्क्यापेक्षा जास्त ओझं पडू नये हे त्याचं जाहीर उद्दिष्ट. दीर्घकाळ जगलेल्या ऑब्जेक्टचे नमुने तो जपतो आणि मागितल्यास त्यांना धरून ठेवणारी साखळीही सांगतो.

तोवर प्रश्नच बदलला होता. कंटेनर चालवणारा डॉकर आला २०१३ मध्ये. कंटेनरला दोन जीबी दिले, आत जावा चढवली आणि जावाने पाहिली ती यजमान मशीनची चौसष्ट जीबी. कमाल हीप न सांगितल्यास ती दिसणाऱ्या मेमरीच्या चौथ्या हिश्शाइतकी धरते, म्हणजे सोळा जीबी. दोनच्या वर पाय टाकला की लिनक्सचा ओओएम किलर प्रोसेस संपवतो. एक्झिट कोड १३७, बस. आउट ऑफ मेमरी एरर नाही, स्टॅक ट्रेस नाही, जीसी लॉगची शेवटची ओळ अगदी निरोगी. मार्च २०१८ च्या जावा १० मध्ये कंटेनरची मर्यादा आपोआप ओळखण्याची सोय आली आणि त्याच वर्षी ती ८ च्या जुन्या शाखेतही उतरली.

तरी माणसं मरतच राहिली, माफ करा, प्रोसेस. कारण हीप म्हणजे सगळी मेमरी नव्हे. मेटास्पेस वेगळी, प्रत्येक थ्रेडचा स्टॅक वेगळा (६४ बिट लिनक्सवर न सांगता एक एमबी राखलेला), जिट कंपायलरने तयार केलेला कोड वेगळा, डायरेक्ट बफर वेगळे. त्यांचा हिशेब देणारं नेटिव्ह मेमरी ट्रॅकिंग आहे, पण ते मुद्दाम चालू करावं लागतं. उलट दिशेचाही घोळ झाला. झेडजीसी या कलेक्टरच्या सुरुवातीच्या आवृत्त्या एकच मेमरी तीन पत्त्यांवर मॅप करत, त्यामुळे लिनक्सवर प्रोसेस खऱ्याच्या तिप्पट जाडी दिसे.

राहता राहिला तळाचा आकडा. २००४ च्या त्याच मॅनेजमेंट पॅकेजमध्ये प्रत्येक मेमरी पूलसाठी गेट कलेक्शन यूसेज नावाची मेथड आहे. गेल्या झाडलोटीनंतर किती उरलं, एवढंच ती सांगते; त्यावर इशाऱ्याची मर्यादाही लावता येते. वीसहून अधिक वर्षं ती तिथे आहे. आणि मी पाहिलेल्या बहुतेक डॅशबोर्डवर मात्र चालू वापर रंगवलेला असतो, 'हीप ८० टक्के' म्हणून रात्री दोनला फोन वाजवणारा. हा इशारा निरुपयोगी आहे, तो काढून टाका. त्याऐवजी ओल्ड जनरेशनचा तळ आठवडाभराच्या पट्टीवर लावा. शेजारी कंटेनरने मोजलेली एकूण मेमरी लावा. जीसी लॉग कायम चालू ठेवा, त्याला खर्च जवळजवळ नाही.

आणि एरर आल्यावर आपोआप हीप डंप घेणारा पर्याय सुरू करा, डंपसाठी कंटेनरबाहेरची, हीपएवढी मोकळी जागा देऊन; डंपमध्ये पासवर्डपासून ग्राहकांच्या माहितीपर्यंत सगळं उघडं असतं, त्यामुळे ती फाइल कोण पाहू शकतं तेही ठरवा. हा पर्याय २००६ पासून उपलब्ध आहे आणि आजच्या जावातही तो मुळात बंदच असतो.